मागे उरेल त्याचा हिशेब: कोथरूडचं घर आणि ज्येष्ठांची वसाहत

हे प्रकरण माझ्या मामा-मामींचं आहे. मामा 79 वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून 2004 साली निवृत्त झालेले. मामी 72 वर्षांची. कोथरूडला 1984 मध्ये घेतलेला 620 चौरस फुटांचा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट नाही, 54 पायऱ्या. मुलगा टोरांटोला, मुलगी नाशिकला. मी चिंचवडला राहते, त्यामुळे हाकेला धावणारी मीच. दोघांना विचारूनच लिहितेय. रकमा थोड्या गोल केल्या आहेत, पण त्यांचं एकमेकींशी असलेलं प्रमाण खरं आहे.

विषय निघाला तो पुनर्विकासामुळे. सोसायटीच्या सभेत ठराव झाला. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79-अ खालच्या जुलै 2019 च्या निर्देशांप्रमाणे एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती लागते, ती सहज मिळाली. म्हणजे मामा-मामींना घर सोडायचंच होतं. तीन वर्षं भाड्याच्या जागेत काढून परत लिफ्टवाल्या नव्या फ्लॅटमध्ये, किंवा कायमचं दुसरीकडे. मामेभावाने व्हिडिओ कॉलवर ज्येष्ठांच्या वसाहतीचा विषय काढला तेव्हा मामा म्हणाले, "म्हणजे वृद्धाश्रमच की. नाव फक्त इंग्रजी." मामी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा झोपले असताना तिचा मला फोन आला: "मला बघायचंय ते कसं असतं."

मी गेले. मामी कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "मला स्वयंपाकाचा कंटाळा नाही आला गं. 'आज काय करू' याचा आलाय. एकोणपन्नास वर्षं रोज सकाळी उठून तेच." पन्नाशीची मी ते ऐकून गप्प बसले. आपल्याकडे हा निर्णय मुलं घेतात किंवा घरातला पुरुष घेतो, आणि जिला त्या घरात किंवा त्या वसाहतीत बहुधा सर्वांत जास्त काळ, आणि तोही एकटीने, काढायचाय तिला शेवटी विचारतात. वयाचं सात वर्षांचं अंतर आहे. सगळा हिशेब मामीच्या बाजूने मांडायचा, हे मी त्या कोथिंबिरीपाशीच ठरवलं.

वृद्धाश्रम आणि ही वसाहत यांत फरक आहे आणि तो मामांना पटायला वेळ लागला. इथे घराची किल्ली आपली, स्वयंपाकघर आपलं, येण्याजाण्यावर बंधन नाही. जोडप्यापैकी निदान एकाचं वय 55 किंवा 60 च्या पुढे हवं, एवढी अट. बाकी भोजनगृह, सफाई, नळ-वीज दुरुस्ती, सकाळी येणारा डॉक्टर, खोलीत आणि न्हाणीघरात ओढायची घंटा, हे सगळं महिन्याच्या सेवाशुल्कात. अथश्रीसारख्या वसाहतींमुळे पुण्यात ही कल्पना नवी राहिलेली नाही. मामीच्या भिशीतल्या एक बाई अशाच ठिकाणी राहायला गेल्या होत्या.

आम्ही तीन ठिकाणं पाहिली. तिघांचीही नावं देत नाही. मामा विरोध म्हणूनच आले होते, पण येताना खिशात मेजरिंग टेप घेऊन आले. उजनी धरणाच्या कामावर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. त्यांना माहितीपत्रकातला हिरवा लॉन दाखवून काही उपयोग नसतो. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले: लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल असे किमान 900 मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, पायरीऐवजी उतार, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात धरायचे दांडे, स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारं यंत्र. ही यादी मी छापून नेली होती. पहिल्या ठिकाणी, जे या निकषांच्या बऱ्याच आधीचं आहे, मामांनी न्हाणीघराच्या दाराला टेप लावली. 685 मिलिमीटर. "वॉकर जाईल, खुर्ची नाही," म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. मग उंबरठ्यावर तळहात आडवा ठेवून उंची पाहिली. दाखवायला आलेला मुलगा गोंधळला. ज्या घरात माणूस पाय धड असताना जातो तिथलं न्हाणीघर पाय धड नसताना वापरायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

दुसरं ठिकाण सुंदर होतं, पण करारात घरात मांसाहार शिजवायला मनाई होती. मामा मूळचे रत्नागिरीचे; बुधवार-रविवार मासे हा त्यांच्या आठवड्याचा कणा. भोजनगृह शाकाहारी असणं त्यांना मान्य होतं, स्वतःच्या ओट्यावरही बंदी हे नव्हतं. ठिकाण बाद. कुणाला हे कारण क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही. ऐंशीच्या उंबरठ्यावर माणसाकडून अजून काय काय सोडायची अपेक्षा करायची?

तिसरं ठिकाण शहराच्या पश्चिमेला, कोथरूडपासून 18 किलोमीटरवर. दारं रुंद, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो, स्वयंपाकावर बंधन नाही. तिथे पाहुण्यांच्या फ्लॅटमध्ये पैसे भरून पंधरा दिवस राहता येतं, आणि ते दोघं राहिले. आमच्या सगळ्या धावपळीत सर्वांत शहाणपणाचं काही झालं असेल तर हे.

पहिल्या सकाळी मामी सवयीने साडेपाचला उठली. कुकर लावायचा नव्हता. गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसली आणि, तिच्याच शब्दांत, "हात कुठे ठेवू कळेना." चौथ्या दिवसापर्यंत ती रोज सकाळी चालणाऱ्या पाच बायकांच्या घोळक्यात होती. आठव्या दिवशी तिने मला फोन करून इंडक्शनची शेगडी आणि गोडा मसाला मागवला, कारण भोजनगृहातल्या आमटीला आमटी म्हणायला ती तयार नव्हती. तिथून पुढे दुपारचं जेवण खाली, रात्री वरणभात किंवा मुगाची खिचडी घरी. हे गणित तिचं तिनेच बसवलं. मामांना कॅरमला जोडीदार मिळाला, जायकवाडीवर काम केलेले एक गृहस्थ, आणि रोज संध्याकाळी भोजनगृहात भीमा आणि गोदावरी भिडायला लागल्या. कोथरूडला मामा गेली दोन वर्षं पायऱ्यांच्या भीतीने दिवसातून एकदाच खाली उतरत होते. इथे चार-चारदा उतरत. हा फायदा कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेला नव्हता, आणि माझ्या मते सर्वांत मोठा तोच.

अकराव्या रात्री पावणेदोनला मामीच्या हातून न्हाणीघरातली दोरी चुकून ओढली गेली. चार मिनिटांत सेवक दारात हजर, मागोमाग नर्स. मामी ओशाळली. मला मात्र हे कळल्यावर बरं वाटलं, कारण ही परीक्षा मुद्दाम घ्यायचं माझ्या मनात होतं आणि धीर होत नव्हता.

इस्पितळाची परीक्षा मी मुद्दाम घेतली. "आमचा मोठ्या इस्पितळाशी करार आहे," असं सगळीकडे सांगतात. विचारत गेलं की कळतं, करार म्हणजे ओळखीचा फोन नंबर आणि तपासण्यांवर सवलत. अंतर काही कराराने कमी होत नाही. मी ते अंतर गाडीने दोनदा कापलं. दुपारी 24 मिनिटं, शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला 55. कोथरूडच्या घरापासून इस्पितळ सात मिनिटांवर आहे, पण तिथे 54 पायऱ्यांवरून माणसाला खुर्चीत बसवून खाली आणायला चौघं लागतात. दोन्ही धोकेच आहेत, फक्त वेगवेगळ्या जागी बसलेले.

आणखी एक गोष्ट मामांनी टिपली. लिफ्टशेजारच्या फळ्यावर पंधरा दिवसांत दोन निधनवार्ता लागल्या. कोथरूडच्या इमारतीतही माणसं जातात, पण तिथे त्याच आठवड्यात कुणाकडे बारसं असतं, दहावीचे पेढे येतात, जिन्यात पोरं चेंडू आपटत असतात आणि मामा त्यांच्यावर ओरडतात. इथे ओरडायलाच कुणी नाही. "शांत आहे," मामा म्हणाले. "जरा जास्तच." हा तोटा पैशात मोजता येत नाही. मामांना तो जास्त जाणवला, मामीला जवळजवळ नाही. तिला वर्षानुवर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या मैत्रिणी मिळाल्या होत्या.

मग करार वाचायला घेतला. सत्तावीस पानं. मला रात्री झोप लागू दिली नाही ते कलम विसाव्या पानावर होतं: रहिवासी आपली दैनंदिन कामं स्वतः करू शकतो तोवरच निवास, तसं राहिलं नाही तर पूर्णवेळ मदतनीस ठेवावा किंवा जागा सोडावी, ते कधी, हे व्यवस्थापनाने नेमलेला डॉक्टर ठरवणार. स्वतंत्र जगणाऱ्यांची वसाहत या शब्दांचा खरा अर्थ इथे आहे. विस्मरण सुरू झालं, पक्षाघात झाला, खुब्याचं हाड मोडलं, तर ही जागा आपोआप शुश्रूषागृह होत नाही. शेजारी शुश्रूषेची वेगळी इमारत आहे का, असेल तर तिथे आपल्याला आधी जागा मिळणार का, हे लेखी हवं. तोंडी "काळजी करू नका, आपण बघू" या वाक्याची किंमत शून्य धरावी. आणि पूर्णवेळ मावशी ठेवली तर ती झोपणार कुठे? 480 चौरस फुटांच्या वन बीएचकेत तिचा पलंग बैठकीत. तिच्या जेवणाचे पैसे वेगळे.

आता पैसे. मामांचं पेन्शन सगळं धरून 52,000. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 20 लाख, 8.2 टक्क्यांनी तिमाही 41,000, म्हणजे महिना साधारण 13,700. दोघांचं मिळून 65,700. मामांनंतर मामीला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळेल. पेन्शन शेवटच्या पगाराच्या 50 टक्के, कुटुंबनिवृत्तिवेतन 30 टक्के. म्हणजे 52,000 चे 31,200. मामीची महिन्याची आवक 44,900. बहुतेक घरांत इथेच चूक होते. दोघांच्या आवकेवर दोघांचा खर्च बसवतात आणि "बसतंय" म्हणून सही करतात. माणूस एक झाला की आवक तिसऱ्या हिश्शाने घटते, पण सेवाशुल्क घरटी असल्यामुळे तितकंच राहतं. घटतं फक्त जेवणाचं बिल.

पहिला पर्याय विकत घेण्याचा. कोथरूडचा फ्लॅट आहे तसा विकला तर 85 लाख. वसाहतीत वन बीएचके 62 लाख, मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि एकरकमी देखभाल निधी मिळून 7 लाख. मामीच्या नावे घेतलं तर महिला खरेदीदार म्हणून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. घर विकून घर घेतलं की साधारणपणे भांडवली नफ्यावरचा बराचसा कर वाचतो. मामी एकटी धरली तर सेवाशुल्क 16,000, जेवण 7,500, औषधं-वीज-फोन 8,000: एकूण 31,500. आवक 44,900, म्हणजे निभतं. पण पूर्णवेळ मावशी लागली की मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोने सांगितलेले 28,000 आणि तिच्या जेवणाचे 5,000 धरून खर्च 64,500. महिन्याला 19,600 ची तूट, वर्षाला 2 लाख 35 हजार. शिल्लक राहिलेले 16 लाख जेमतेम सात वर्षं पुरतील, आणि तेही दर जागच्या जागी राहिले तर. करारात सेवाशुल्कात दरवर्षी 8 टक्के वाढ लिहिली आहे. त्या वेगाने नऊ वर्षांत आकडा दुप्पट होतो. घर विकून पैसे उभे करायचे तर गिऱ्हाईक पुन्हा वयस्करच शोधायचं. मुलांना वारसाहक्काने घर मिळतं, पण वय बसेपर्यंत त्यांना तिथे राहता येत नाही. कोथरूडचा फ्लॅट महिन्याभरात विकला जाईल. या घराला किती काळ लागेल हे तिथल्या विक्रीकचेरीलाही सांगता आलं नाही.

दुसरा पर्याय ठेवीचा. घर विकत न घेता 30 लाखांची परत मिळणारी ठेव, आणि जेवणासकट महिना दोघांना 48,000, एकाला 36,000. हाती रोकड जास्त उरते असं वाटतं. पण ठेव म्हणजे घरखरेदी नव्हे, त्यामुळे घरविक्रीच्या नफ्यावरची सूट मिळत नाही. सीएच्या ढोबळ हिशेबाने 11 लाखांच्या घरात कर. शिवाय 30 लाख एका कंपनीकडे, तारणाशिवाय. कंपनी डबघाईला आली तर मामी रांगेत बरीच मागे. मी स्पष्टच सांगते: ज्यांच्याकडे हे तीस लाख बुडाले तरी चालतील एवढं बाकी आहे, त्यांनीच या वाटेला जावं. मामांकडे तेवढं नाही.

नाशिकला मुलीकडे जाण्याचाही विषय निघाला. मामेबहिणीने मनापासून बोलावलं. मामी म्हणाली, "तिच्या सासूबाई आहेत तिथे, त्यांच्या घरात मी दुसरी म्हातारी कशाला?" तो विषय तिथेच संपला.

आमचा जो मार्ग निघाला तो मामीच्या भिशीतल्या त्या बाईंमुळे. त्यांनी सांगितलं की या वसाहतींत कितीतरी घरं पन्नाशीतल्या लोकांनी पुढची सोय म्हणून घेऊन ठेवलेली असतात आणि ती अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने मिळतात. वयाची अट भाडेकरूलाही असते, ती इथे अडचण नव्हती. तिकडे पुनर्विकासाच्या काळात विकासक महिन्याला 26,000 भाडं देणार होता. वसाहतीत घरभाडं 20,000, सेवाशुल्क 16,000, दोघांचं जेवण 15,000, इतर 12,000: एकूण 63,000. विकासकाचे 26,000 वजा जाता पदरचे 37,000, आणि पेन्शन 52,000. मामी एकटी असली तरी 51,500 वजा 26,000, म्हणजे 25,500, आणि तिची आवक 44,900. आणि मावशी लागलीच तरी महिन्याला साडेतेरा हजारांची तूट, जी त्या दोन-तीन वर्षांपुरती बँकेतल्या मुदतठेवीतून निघेल. कोथरूडचं घर विकलेलंही नाही. तीन वर्षांनी 780 फुटांचा लिफ्टवाला फ्लॅट हातात येईल. वनाझचं मेट्रो स्टेशन जवळ, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह जवळ. तेव्हा परत जायचं, की तो भाड्याने देऊन त्या भाड्यावर वसाहतीतच राहायचं, हे तेव्हा ठरवायचं. तीन वर्षं राहून पाहिलेलं असेल.

या मार्गाचेही तोटे आहेत आणि ते दोघांना मी लिहून दिले. विकासकाने मध्येच भाडं थांबवलं तर पुण्यात ते नवल नाही. 79-अ च्या निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटीची तरतूद आहे. आमच्या सोसायटीने ती प्रत्यक्षात घेतली की नाही हे मामांनी समितीला तीनदा विचारलं आणि कागद डोळ्यांनी पाहूनच शांत बसले. भाडेकरूला वसाहतीच्या सभेत मत नाही, सेवाशुल्क वाढलं तर बोलता येत नाही. घरमालक अकरा महिन्यांनी नको म्हणू शकतो. म्हणून पुढच्या दोन मुदतवाढींची भाडी आधीच करारात घालून घेतली. आणि विसाव्या पानावरचं ते कलम भाडेकरूलाही तसंच लागू आहे. त्यावर आमच्याकडे आजही पुरतं उत्तर नाही. मुलगा, मुलगी आणि मी मिळून एवढंच लिहून ठेवलंय की तसं झालं तर पहिल्या आठवड्यात कोण येऊन राहणार, दुसऱ्या आठवड्यात कोण, आणि कोथरूडपासून जवळ असलेल्या कोणत्या दोन शुश्रूषागृहांत चौकशी करून ठेवली आहे. मामांनी तो कागद फ्रिजवर लावायला नकार दिला. मामीने तो कपाटाच्या दाराला आतून लावला.

सामान हलवताना मामीने पाच लिटरचा कुकर मला दिला आणि तीन लिटरचा सोबत घेतला. मामांनी जिन्यातल्या पोरांना बोलावून जुना कॅरमबोर्ड दिला, आणि एकदा सवयीने ओरडूनही घेतलं.

करारनाम्याच्या नोंदणीला एजंट लॅपटॉप घेऊन घरीच आला होता. त्याने टाइप करताना विचारलं, "भाडेकरूचं पहिलं नाव काकांचं ना?" मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "नाही. तिचं वर घाला, माझं खाली. उद्या मी नसलो तर तिला कुणाच्या दारात कागद बदलायला जावं लागायला नको." मामी तेव्हा चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही, पण अंगठ्याचा ठसा द्यायला आली तेव्हा हात आधी पदराला दोनदा पुसला.